ड्रमगार्वीची अर्धवट फाशी

माझा आवाज दोन शेतं ओलांडून जातो. ही बढाई नाही, या आवाजावर माझ्या घराण्याने तीन पिढ्या पोट भरलं. ड्रमगार्वीच्या जहागिरीत कोर्ट भरलं की कारभारी निकाल ठरवायचा, कारकून तो लिहून घ्यायचा आणि मी, डेव्हिड स्टरॉक, तो सगळ्या कुळांसमोर मोठ्याने म्हणायचो. या कामाच्या माणसाला आमच्याकडे डेम्पस्टर म्हणतात. डेम्पस्टरने शेवटी 'आणि हाच माझा निवाडा' असं म्हटल्याशिवाय शिक्षा लागू होत नाही. कारभारी घसा फाटेपर्यंत ओरडला तरी होत नाही. या चार शब्दांच्या बदल्यात आम्हाला ओढ्याकाठची चार एकर जमीन, दगडी घर आणि एका गाईपुरतं कुरण होतं.

कामही फारसं नसायचं. कुणाचं वासरू जहागीरदारांच्या बार्लीत शिरलं, कुणी हिरवं झाड तोडलं, कुणी शेजारणीला भर रस्त्यात चेटकीण म्हटलं. दंड, माफी, फार तर चार तास खोड्यात पाय. मी सगळं एकाच सुरात म्हणायचो आणि घरी येऊन ओटची पेज प्यायचो. तीस वर्षांत मला कुणाच्या जिवाचा निवाडा म्हणावा लागला नव्हता.

म्हणजे हक्क नव्हता असं मात्र नाही. हक्क जंगी होता. राजाने आमच्या जहागिरीला 'खांब आणि डोह' बहाल केले होते, चोर पुरुष असला तर टांगायला खांब, बाई असली तर बुडवायला डोह. त्याचं चामडी पत्र लाकडी पेटीत असायचं आणि पाहुणे आले की जेवणाआधी त्यांना दाखवलं जायचं. डोहात हल्ली बदकं पोहायची आणि खांबाच्या आडव्या तुळईवर कावळ्यांची चार घरटी होती.

सगळं बिघडलं ते या घरट्यांवरून. आमच्या जहागीरदारांना जमिनीच्या नावानेच ओळखत, म्हणजे माणसाचंही नाव ड्रमगार्वी. ते एकदा शेजारच्या लॉर्डकडे जेवायला गेले. मटण संपत आल्यावर लॉर्ड म्हणाला, "काय ड्रमगार्वी, तुमच्या खांबावर यंदा अंडी किती?" सगळं टेबल हसलं. त्या टेबलावर एडिनबराचा एक वकील होता. त्याने चाकू पुसत सांगितलं, की वापरला नाही तर कायदासुद्धा मरतो. चाळीस वर्षं कुणाला टांगलं नसेल, तर तो हक्क तुमचा राहिला नाही असं कुणीही कोर्टात म्हणू शकतं.

आमच्याकडे शेवटची फाशी होऊन एकोणचाळीस वर्षं झाली होती.

धनी घरी आले ते तापल्यासारखे. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला, जुना खांब उपटला, नवा ओकचा रोवला. कावळे दोन दिवस वरून ओरडत फिरले. मग सगळी जहागीर चोराची वाट बघू लागली, आणि चोर मिळेना. ड्रमगार्वी रोज न्याहारीला विचारायचे, "काही चोरीला गेलं का?" काही गेलं नाही म्हटलं की पेज अर्धी टाकून उठायचे. कोंबड्यांच्या खुराड्यांना कुलूप लावू नका असा हुकूम निघाला. धन्यांचा मेंढा मुद्दाम गावाच्या कडेला, कुंपण मोडलेल्या वावरात बांधला जाऊ लागला.

आणि मार्चच्या एका सकाळी गिब पटुलो त्या मेंढ्यासह सापडला.

गिब हा चुनाभट्टीवर मजुरी करणारा. पस्तिशीचा, बायको ईस्बेल, तीन पोरं, राहायला भट्टीमागची पडवी. भट्टी महिनाभर बंद होती. मेंढा खांद्यावर घेऊन तो चालला होता आणि समोरून धन्यांचे तीन नोकर आले. ते तिथे रोजच बसायचे म्हणे. आमच्या कायद्यात चोर चोरीच्या मालासकट सापडला तर जहागीरदाराला टांगता येतो, पण तिसरा सूर्य मावळायच्या आत निवाडा व्हायला हवा. नाहीतर तो राजाच्या न्यायाधीशाच्या, म्हणजे शेरीफच्या, ताब्यात जातो. शेरीफने असल्या चोराला आजवर फटक्यांवर सोडलेलं होतं.

मी घरी आलो तेव्हा ग्रिझेल, माझी बायको, कोबी चिरत होती.

"ऐकलंस?" मी म्हटलं.

"सगळ्या गावाने ऐकलं. तू म्हणणार आहेस का ते?"

"पंधरा पंच बसतील. त्यातले नऊ तर गिबचे नातेवाईकच. ते सोडतील त्याला. माझ्यापर्यंत येतंय कशाला!"

"आणि आलं तर?"

"तर चार एकर आहेत, ग्रिझेल."

तिने सुरी खाली ठेवली. "एकर मलाही मोजता येतात. म्हण जा. पण मग त्या घशातून मला जेवायला हाक मारू नकोस."

तिसऱ्या दिवशी दुपारी कोर्ट टेकडीवर भरलं. खुर्चीवर कारभारी निनियन फॉदरिंगम. हा माणूस कायदा शिकायला दोन वर्षं हॉलंडला राहिला होता आणि तिथून एक कोट आणि एक खोकला घेऊन आला होता. त्याच्या शेजारी कारकून मन्गो ड्यूअर. बाजूला, पांघरूण गुडघ्यांवर घेऊन, स्वतः ड्रमगार्वी. समोर गिब, आणि गिबच्या मनगटाला दोरीने बांधलेला मेंढा, कारण माल चोराजवळच दिसला पाहिजे.

शिपायाने रीतीप्रमाणे कोर्टाला कुंपण घातलं. म्हणजे काठ्यांचं नव्हे, शब्दांचं. राजाच्या आणि ड्रमगार्वींच्या नावाने, परवानगीशिवाय कुणी बोलू नये, नाहीतर दंड. शेवटचा शब्द पडतोय न पडतोय तोच मेंढा ओरडला.

कारकुनाने लेखणी थांबवली. "साहेब, कुंपण मोडलं. दंड कुणाला लावू?"

"मालकाला," निनियन म्हणाले, आणि मग मालक कोण ते त्यांच्या ध्यानात आलं. "नको. लिहा की ओरडणाऱ्याला परवानगी होती."

मेंढ्याने त्या परवानगीचा दुपारभर पुरेपूर उपयोग केला.

पंच पंधरा, मुखिया गावचा गिरणीवाला. ते झुडपाआड गेले आणि पेलाभर बीअर प्यायला लागेल तेवढ्या वेळात परत आले. गिरणीवाल्याने टोपी काढली आणि जमिनीकडे बघत म्हटलं, "दोषी. पंधराच्या पंधरा."

मला धक्काच बसला. मी गिरणीवाल्याला बाजूला ओढलं. "अरे, तुझा मावसभाऊ ना तो!"

"मग काय करू? मेंढा हाताला बांधलाय! नाही म्हटलं तर खोटा कौल दिला म्हणून आम्हालाच आत टाकतील. आम्ही म्हटलं, डेव्ही आहेच पुढे. ऐनवेळी तुझा घसा बसेल. बसेल ना?"

मी निनियनसाहेबांकडे गेलो. ते कानात कुजबुजले, "स्टरॉक, काळजी करू नकोस. मी निकाल देतो, धनी शेवटी माफी देतील. त्यांना फक्त निवाडा हवाय."

मी धन्यांकडे बघितलं. धनी नव्या खांबाकडे बघत होते. माणूस नव्या घोड्याकडे बघतो तसे, आणि त्यांना मांड टाकायची घाई झाली होती. तेव्हा मला कळलं, की या टेकडीवर प्रत्येकाने गिबचा जीव पुढच्या माणसाच्या हातात ठेवला होता, आणि रांगेतला शेवटचा माणूस मी होतो.

निनियननी निकाल सांगितला. मन्गोने लिहिला, शाई सुकायला वाळू टाकली आणि कागद माझ्याकडे वळवला. "डेम्पस्टर, म्हण."

गिब माझ्याकडे बघत होता. रडत नव्हता, विनवत नव्हता. दोरीने मनगट काचलं होतं, ते दुसऱ्या हाताने चोळत होता. मागे ईस्बेल धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती.  मी भित्रा माणूस आहे, शूर होण्याचा माझा काही विचार नव्हता. पण तोंड उघडलं आणि त्यातून शब्द आले ते असे, "मी नाही म्हणणार."

"काय?" ड्रमगार्वी पांघरुणासकट उठले.

"नाही म्हणणार, धनी. ही घ्या काठी."

आमच्यात जमीन सोडायची तर काठी मालकाच्या हातात द्यायची असते. मी दिली. तीन पिढ्यांची जमीन, दोन श्वासांत गेली. गर्दीत ग्रिझेल दिसली. तिने तोंड दोन्ही हातांनी झाकलं होतं, आणि ती हसत होती का रडत होती ते मला आजही सांगता येणार नाही.

सूर्य क्षितिजापासून दोन हातांवर आला होता. ड्रमगार्वी लाल झाले. "निनियन, तुम्ही म्हणा!"

"धनी, ज्याने निकाल दिला त्याने निवाडा म्हणायचा नसतो. एडिनबराला कळलं तर सगळंच रद्द."

"मन्गो?"

"ज्याने लिहिलं त्यानेही नाही, धनी."

मग धनी गर्दीकडे वळले. "ऐका रे! चार एकर, घर आणि कुरण! हे चार शब्द जो म्हणेल त्याचं!"

टेकडीवर साठ-सत्तर माणसं होती. निम्म्यांकडे बोटभर जमीन नव्हती. कुणी बुटाकडे बघितलं, कुणी ढगांकडे. एकाने तर खाली बसून बुटाची नाडी सोडली आणि परत बांधायला घेतली. शिव्या-शाप घेऊन राहायचं कुणाला होतं? शिवाय ईस्बेल एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

"मी म्हणतो," गिब म्हणाला.

मेंढासुद्धा गप्प झाला.

"तू?" निनियननी विचारलं.

"मीच. कारकूनसाहेब जे वाचतील ते म्हणेन. एवढीच हौस आहे साहेब, मरताना जमीनवाला म्हणून मरावं. आमच्या घराण्यात कुणी मेलं नाही तसं."

निनियन धन्यांच्या कानाशी वाकले. पण मेंढा पुन्हा सुरू झाल्यामुळे त्यांनाही ओरडूनच बोलावं लागत होतं, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "धनी, कायद्यात मनाई कुठेच नाही. असलं कुणाच्या डोक्यातच आलेलं नाही ना! आणि बघा, टांगलेल्या माणसाचं सगळं तुमच्याकडे जमा होतं. आज संध्याकाळी जमीन द्या, उद्या सकाळी परत घ्या. याहून स्वस्त डेम्पस्टर तुम्हाला मिळायचा नाही."

ड्रमगार्वींना ते पटलं. सूर्य आता हातभर राहिला होता. धावत जाऊन कुणीतरी माझ्या, म्हणजे त्या, वावरातून मूठभर माती आणि एक दगड आणला. माती-दगड हातात पडला की जमीन हयातभर त्या माणसाची. धरणाऱ्याने स्वतः काठी परत दिली तरच सुटते. गिबचा एक हात मेंढ्याला बांधलेला, म्हणून त्याने दगड काखेत धरला आणि माती मुठीत. शपथ झाली. मन्गोने भराभर नोंद केली.

"वाचा," गिब म्हणाला.

मन्गो तुकड्या-तुकड्याने वाचू लागला आणि गिब मागून म्हणू लागला. आवाज माझ्याइतका नाही, पण स्वच्छ. "गिल्बर्ट पटुलो, तू ड्रमगार्वींचा मेंढा चोरलास... पंधरा पंचांनी तुला दोषी ठरवलं... तुला इथून खांबापाशी नेण्यात यावं... आणि मरेपर्यंत टांगण्यात यावं..." ईस्बेलने किंकाळी फोडली. त्याने तिच्याकडे बघितलं आणि पुढचा तुकडा म्हटला, "...आणि तुझी सगळी चीजवस्तू धन्यांकडे जमा व्हावी."

"आणि हाच माझा निवाडा," मन्गोने वाचलं.

गिब गप्प उभा राहिला.

"आणि हाच माझा निवाडा!" मन्गो जोरात म्हणाला.

गिबने मूठ किंचित उघडली आणि माती चांगली आहे का ते बघितलं.

"म्हण ना रे!" धनी किंचाळले. निनियननी काठीने ढोसलं. शिपायाने दगड काढून घेऊ का विचारलं. निनियन म्हणाले, "नको, नको, निवाडा संपेपर्यंत जमीन त्याच्या हातातच हवी!" गिरणीवाला टोपीत तोंड खुपसून हसू दाबत होता. सगळी टेकडी श्वास रोखून पश्चिमेकडे बघत होती. सूर्याची किनार उरली, मग तीही गेली.

"नकार दिलास!" धनी गरजले. "काढा याला कामावरून!"

कारभारी निनियन फॉदरिंगम यांचं हॉलंडचं शिक्षण त्या दिवशी फळाला आलं. ते विचारात पडले आणि हळूच म्हणाले, "धनी, याने नकार कुठे दिलाय? नकार स्टरॉकने दिला. हा म्हणतोच आहे. त्याचं अजून संपलं नाही, एवढंच."

"म्हणजे?"

"म्हणजे फाशीचा निवाडा चालू आहे. तिसऱ्या सूर्याच्या आत सुरू झालाय, त्यामुळे शेरीफचा संबंध नाही. आणि निवाडा चालू आहे म्हणजे तुमचा हक्क वापरात आहे, धनी. जोवर हा संपवत नाही तोवर रोज वापरात आहे."

ड्रमगार्वींच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पडल्यासारखं झालं. त्यांनी गिबच्या मनगटाची दोरी सोडवली आणि त्याला घरी पाठवलं. पुढच्याच आठवड्यात ते आपण होऊन शेजारच्या लॉर्डकडे जेवायला गेले. म्हणे सूप येण्याआधीच म्हणाले, "आमच्याकडे सध्या एक फाशी चालू आहे. तुमच्याकडे?" एडिनबराच्या वकिलाने आठ पानी मत लिहून दिलं, की अपुरा निवाडा पुऱ्यापेक्षाही भक्कम, कारण पुरा झालेला हक्क संपतो. ते मतही आता पेटीत आहे. तेव्हापासून दर कोर्टाच्या सुरुवातीला निनियन विचारतात, "डेम्पस्टर, मागचं संपलं का?" आणि गिब टोपी काढून म्हणतो, "अजून नाही, साहेब." आणि मन्गो तसं लिहितो.

पहिले काही दिवस माझी गावात काय चंगळ होती! गिरणीवाला दळणाचे पैसे घेईना. बायका ग्रिझेलला अंडी आणून देत. मी रस्त्याने जाताना लोक टोपीला हात लावायचे. जमीन गेली होती, पण घरात मी तसाच राहत होतो. गिब काही आपल्याला हलवणार नाही, हे मी गृहीतच धरलं होतं. मी त्याचा जीव वाचवला होता.

एप्रिलमध्ये गिब चीज घेऊन आला. दारातच उभा राहिला. "घाई नाही, काका. पण पेरणी आलीय, आणि भट्टीची पडवी गळते. धाकट्याला खोकला आहे."

"बघू," मी म्हटलं. चीज चांगलं होतं.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, या वेळी चीज नव्हतं. मी म्हटलं, "गिब, माझ्या आजाने बांधलंय हे घर." तो म्हणाला, "हो ना, काका," आणि गेला. तिसऱ्यांदा आला तो शिपायाला घेऊन.

मे महिन्यात आमच्याकडे घरं खाली करायची रीत आहे. कोर्ट भरलं. मी उभा राहून म्हटलं, "साहेब, मी या माणसाचा जीव वाचवलाय."

मन्गोने वही चाळली. "तशी नोंद नाही. नोंद अशी आहे, की स्टरॉकने स्वखुशीने काठी परत दिली."

निकाल झाला. तीन दिवसांत घर खाली करावं, राहिलेलं सामान दारात टाकण्यात यावं. मन्गोने कागद गिबकडे वळवला. मी निर्धास्त होतो. साऱ्या गावाला माहीत होतं, की आमच्या नव्या डेम्पस्टरला कुठे थांबायचं ते कळतं. गिरणीवाल्याने मला डोळासुद्धा मारला.

गिबने सगळं म्हटलं. एका दमात, न अडखळता. 'आणि हाच माझा निवाडा' सुद्धा.

"वा," मागून कुणीतरी म्हणालं, "बऱ्याच वर्षांनी नीट ऐकू आलं."

लोक पांगले. मी तिथेच बसलो.  राग इतका आला होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. गिब माझ्याजवळ आला आणि उकिडवा बसला.

"काका, मनाला लावून घेऊ नका."

"मी तुझ्यासाठी तीन पिढ्यांची जमीन सोडली, गिब. मला वाटलं होतं तू थांबशील."

"मलाही एकदा वाटलं होतं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात जराही कडवटपणा नव्हता. "माझ्या बापाला घराबाहेर काढलं तेव्हा. मी नऊ वर्षांचा होतो, इथेच आईचा हात धरून उभा. तुम्ही म्हणत होतात आणि मध्येच खोकलात. थांबलात. मी आईला म्हटलं, बघ, ते थांबले. मग तुम्ही घसा साफ केलात आणि पुढचं म्हटलंत. त्या हिवाळ्यात भट्टीच्या पडवीत आई गेली. बाप तरी कायम म्हणायचा, स्टरॉकचा आवाज काय सुंदर आहे." तो उठला आणि गुडघे झटकले. "आठवतं ना तुम्हाला?"

मी खूप आठवून पाहिलं. त्याच्या बापाचा चेहरा शोधला, त्याची आई शोधली, नऊ वर्षांचं पोर शोधलं. मला त्या वर्षीचा खोकला आठवला. बाकी काही आठवलं नाही.